सप्ताहांत मालिका (महाविद्यालयीन बेसबॉल)

अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये एकाच कॉन्फरन्समधील दोन संघ सलग तीन दिवस एकाच मैदानावर परस्परांविरुद्ध जे तीन सामने खेळतात, त्यांना सप्ताहांत मालिका असे म्हणतात. हे सामने सामान्यतः शुक्रवार, शनिवार व रविवार या दिवशी होतात. विद्यापीठांच्या ज्या गटात ही स्पर्धा चालते, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. कॉन्फरन्समधील क्रमवारी मुख्यतः या मालिकांच्या निकालांवरून ठरते. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतील प्रवेशावरही त्यांचा मोठा परिणाम होतो. तीन दिवसांत तीन सामने खेळायचे असल्यामुळे उपलब्ध पिचरांचा म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूंचा वापर कसा करावा, हा संघाच्या तयारीतील मध्यवर्ती प्रश्न असतो.

पार्श्वभूमी

दोन महाविद्यालयांमधील पहिला नोंदलेला बेसबॉल सामना १ जुलै १८५९ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील पिट्सफील्ड येथे अ‍ॅम्हर्स्ट आणि विल्यम्स या महाविद्यालयांमध्ये झाला. त्या वेळच्या स्थानिक नियमांनुसार खेळलेला हा सामना अ‍ॅम्हर्स्टने ७३–३२ असा जिंकला. पुढे आंतरमहाविद्यालयीन खेळांचे नियमन नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन (एनसीएए) या संस्थेकडे आले. या संस्थेची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९४७ मध्ये सुरू झाली. तिची अंतिम फेरी ‘कॉलेज वर्ल्ड सिरीज’ या नावाने ओळखली जाते. पहिल्या वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाने येल विद्यापीठाचा पराभव केला. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश हे त्या येल संघात खेळत होते. १९५० पासून ही अंतिम फेरी नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात भरते.

महाविद्यालयीन खेळात १९७४ पासून धातूच्या बॅटला परवानगी आहे. व्यावसायिक बेसबॉल मात्र लाकडी बॅटनेच खेळला जातो. धातूच्या बॅटवरून चेंडू अतिवेगाने जाऊ नये म्हणून २०११ पासून अधिक कडक मानक लागू करण्यात आले.

स्वरूप

एनसीएएच्या पहिल्या विभागातील संघांचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यास सुरू होतो. नियमित हंगामात एका संघाला जास्तीत जास्त ५६ सामने खेळता येतात. सुरुवातीचे काही आठवडे कॉन्फरन्सबाहेरील संघांशी सामने होतात आणि बहुतेक मोठ्या गटांत मार्चपासून कॉन्फरन्समधील सप्ताहांत मालिका सुरू होतात.

साउथईस्टर्न कॉन्फरन्स (एसईसी) हे या रचनेचे ठळक उदाहरण आहे. २०२४ मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमा ही विद्यापीठे दाखल झाल्यानंतर तिची सदस्यसंख्या १६ झाली. प्रत्येक संघ १० सप्ताहांतांत प्रत्येकी ३ असे एकूण ३० सामने खेळतो. त्यामुळे १५ प्रतिस्पर्ध्यांपैकी १० संघांशीच त्याची गाठ पडते.

दूरचित्रवाणी प्रक्षेपण, ईस्टरचा सण किंवा पुढील आठवड्यातील कॉन्फरन्स स्पर्धा यांमुळे काही मालिका गुरुवारी सुरू होऊन शनिवारी संपतात. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा संघ धार्मिक कारणास्तव रविवारी खेळत नाही, त्यामुळे त्याच्या मालिकांचे वेळापत्रक त्यानुसार आखले जाते. पावसाची शक्यता असल्यास दोन सामने एकाच दिवशी घेतले जातात. पाहुण्या संघाला परतीचा प्रवास करायचा असल्यास शेवटच्या सामन्यात अमुक वेळेनंतर नवा डाव सुरू करायचा नाही, असे आधीच ठरवले जाते.

तीनपैकी दोन सामने जिंकणाऱ्या संघाने मालिका जिंकली असे मानतात. तिन्ही सामने जिंकल्यास त्यास ‘स्वीप’ म्हणतात. मात्र मालिकेचा निकाल दोन सामन्यांतच लागला तरी तिसरा सामना खेळवला जातो, कारण क्रमवारीत प्रत्येक सामन्याची स्वतंत्र गणना होते.

पिचरांचा क्रम

बेसबॉलचा सामना सामान्यतः नऊ डावांचा असतो. प्रत्येक डावात दोन्ही संघ आळीपाळीने फलंदाजी करतात आणि तीन फलंदाज बाद झाले की बाजू बदलते. क्रिकेटमध्ये दर षटकानंतर गोलंदाज बदलतो आणि नंतर तो पुन्हा गोलंदाजीस येऊ शकतो. बेसबॉलमध्ये एकच पिचर सलग अनेक डाव चेंडू फेकतो आणि सामन्यातून बाहेर काढलेल्या खेळाडूला त्याच सामन्यात परत येता येत नाही. त्यामुळे पिचर बदलण्याचा निर्णय मागे घेता येत नाही.

सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरला ‘स्टार्टर’ म्हणतात. पाच-सहा डाव चेंडू फेकल्यानंतर त्याच्या हाताला अनेक दिवसांची विश्रांती लागते. म्हणून संघ तीन दिवसांसाठी तीन स्टार्टर निवडतो. सर्वांत भरवशाच्या पिचरला पहिल्या दिवशी उतरवण्याची प्रथा आहे आणि ‘शुक्रवारचा पिचर’ ही उपाधी महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये मानाची समजली जाते. शुक्रवारी स्टार्टरने सात-आठ डाव निभावले, तर नंतर येणारे साहाय्यक पिचर उरलेल्या दोन दिवसांसाठी ताजे राहतात. तो दुसऱ्याच डावात बाद ठरला, तर त्याची किंमत रविवारपर्यंत मोजावी लागते. रविवारच्या सामन्यात अनेकदा दोन्ही संघांकडील ताजे पिचर संपलेले असतात, त्यामुळे त्या दिवशी राखीव खेळाडूंची खोली निर्णायक ठरते.

आठवड्याची तयारी

एनसीएएच्या नियमानुसार हंगामात खेळाडूंना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि दिवसाला ४ तास सक्तीचा सराव करता येतो. सामन्याचा दिवस, सामना कितीही लांबला तरी, ३ तासांचा धरला जातो. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुटी देणे बंधनकारक आहे. सप्ताहांत मालिकेची तयारी या चौकटीत बसवावी लागते.

सोमवार बहुधा सुटीचा किंवा हलक्या व्यायामाचा असतो. मंगळवारी किंवा बुधवारी जवळपासच्या, कॉन्फरन्सबाहेरील एखाद्या संघाशी एक सामना होतो. त्यात नवोदित पिचरांना संधी मिळते. स्टार्टरांना मात्र राखून ठेवले जाते. दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत स्टार्टर सराव-जागेत मोजकेच चेंडू फेकतो. या जागेला ‘बुलपेन’ म्हणतात. तेथे हाताची लय टिकवणे आणि एखादा विशिष्ट चेंडू घोटणे एवढाच उद्देश असतो.

याच काळात प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास चालतो. कोणता फलंदाज कोणत्या चेंडूवर चुकतो, फटके मैदानाच्या कोणत्या भागात मारतो, कोणता धावपटू पुढील तळ चोरण्याचा प्रयत्न करतो, याची टिपणे तयार केली जातात. चित्रफिती आणि चेंडूचा वेग व फिरकी मोजणारी रडार यंत्रे यांचा त्यासाठी उपयोग होतो. महाविद्यालयीन बेसबॉलमध्ये कोणता चेंडू फेकायचा हे बहुतेकदा प्रशिक्षकच ठरवतो. पूर्वी तो हातांच्या खुणांनी किंवा अंकांद्वारे कॅचरला कळवत असे आणि कॅचर मनगटावरील तक्त्यात त्या अंकाचा अर्थ पाहत असे. अलीकडच्या वर्षांत इलेक्ट्रॉनिक संदेशयंत्रांना परवानगी मिळाली आहे.

पाहुणा संघ सामान्यतः गुरुवारी प्रवास करून संध्याकाळी मैदानावर सराव करतो. खेळाडू हे विद्यार्थीही असल्यामुळे गुरुवारचे व शुक्रवारचे वर्ग बुडतात. चुकलेल्या चाचण्या आणि अभ्यास यांची व्यवस्था विद्यापीठातील शैक्षणिक सल्लागारांच्या मदतीने करावी लागते.

राष्ट्रीय स्पर्धेशी संबंध

राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत १९९९ पासून ६४ संघ घेतले जातात. त्यांपैकी सुमारे ३० जागा कॉन्फरन्स विजेत्यांना मिळतात आणि उरलेल्या निवड समिती भरते. समिती इतर गोष्टींबरोबर ‘आरपीआय’ हा निर्देशांक विचारात घेते. त्यात संघाच्या स्वतःच्या निकालांना २५ टक्के, प्रतिस्पर्ध्यांच्या निकालांना ५० टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या निकालांना २५ टक्के भार असतो. परक्या मैदानावरील विजय घरच्या विजयापेक्षा अधिक मोलाचा धरला जातो.

या व्यवस्थेत एखाद्या मालिकेचे महत्त्व किती असू शकते, हे २०२२ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या म्हणजे ‘ओल मिस’च्या संघाने दाखवून दिले. मेच्या प्रारंभी त्याचे एसईसीमधील निकाल ७ विजय व १४ पराभव असे होते. उरलेल्या तीन मालिकांतील ९ पैकी ७ सामने जिंकून त्याने १४–१६ अशी मजल मारली आणि निवड समितीने घेतलेल्या संघांत त्याला अगदी शेवटचे स्थान मिळाले. त्याच संघाने पुढे ओक्लाहोमाचा पराभव करून राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावले. त्या मालिकांमधील आणखी एखादा सामना हातचा गेला असता, तर त्याचा हंगाम बहुधा मेमध्येच संपला असता.

पिचरांचे आरोग्य आणि मतभेद

पिचरच्या कोपरावर आणि खांद्यावर प्रत्येक चेंडूगणिक मोठा ताण पडतो. कोपरातील अस्थिबंधन फाटल्यास त्याची पुनर्रचना करणारी शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या व्यावसायिक पिचरवर प्रथम केली. आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा सामन्यात उतरण्यास सामान्यतः वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

महाविद्यालयीन पिचरने एका सामन्यात किती चेंडू फेकावेत, यावर एनसीएएने मर्यादा घातलेली नाही. मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल या संस्थांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार १९ ते २२ वर्षांच्या खेळाडूने एका सामन्यात १२० पेक्षा जास्त चेंडू फेकू नयेत. परंतु या सूचना बंधनकारक नाहीत. निर्णय अखेरीस प्रशिक्षकाच्या हाती असतो आणि त्याची नोकरी सामने जिंकण्यावर अवलंबून असते. चार वर्षांच्या विद्यापीठातील खेळाडू सामान्यतः तिसऱ्या वर्षानंतर किंवा वयाच्या २१ व्या वर्षी व्यावसायिक निवडीस पात्र होतो. त्यामुळे खेळाडूच्या दृष्टीने त्याच महिन्यांत विद्यापीठाची प्रतिष्ठा आणि स्वतःचे भवितव्य या दोन्ही गोष्टी पणास लागलेल्या असतात.

या चर्चेत दोन प्रसंगांचा उल्लेख उद्बोधक ठरतो. दोन्ही प्रसंग हंगामोत्तर स्पर्धेतील असले, तरी लागोपाठच्या दिवशी खेळताना पिचर कसा वापरावा, हाच प्रश्न त्यांत होता. ३० मे २००९ रोजी ऑस्टिन येथे टेक्सास आणि बॉस्टन कॉलेज यांच्यातील सामना २५ डावांपर्यंत लांबला. एनसीएएच्या इतिहासातील हा सर्वांत दीर्घ सामना टेक्सासने ३–२ असा जिंकला. टेक्सासचा साहाय्यक पिचर ऑस्टिन वुड याने त्यात १३ डावांत १६९ चेंडू फेकले. सामान्यतः एक-दोन डावांसाठी बोलावल्या जाणाऱ्या खेळाडूच्या दृष्टीने हा भार असाधारण होता. पुढे व्यावसायिक खेळात गेल्यावर त्याला खांद्याच्या दुखापतीने ग्रासले आणि तो मेजर लीगपर्यंत पोहोचू शकला नाही. दुखापतीचे कारण तो एक सामनाच होता, असे ठामपणे म्हणता येत नाही. तथापि चेंडूंच्या मर्यादेविषयीच्या वादात या सामन्याचा दाखला वारंवार दिला जातो.

दुसरा प्रसंग २०२३ मधील आहे. लुईझियाना स्टेट विद्यापीठाचा (एलएसयू) शुक्रवारचा पिचर पॉल स्कीन्स याने त्या हंगामात २०९ फलंदाजांना ‘स्ट्राइकआउट’ करून एसईसीचा विक्रम मोडला होता. ओमाहा येथे २२ जून रोजी वेक फॉरेस्टविरुद्ध त्याने आठ डावांत एकही धाव दिली नाही. त्यासाठी त्याला १२० चेंडू फेकावे लागले. अवघ्या दोन दिवसांनी फ्लोरिडाविरुद्धची तीन सामन्यांची अंतिम मालिका सुरू झाली. दुसरा सामना ४–२४ असा गमावल्यानंतरही एलएसयूने स्कीन्सला उतरवले नाही. तिसरा सामना संघाने इतर पिचरांच्या बळावर १८–४ असा जिंकला. त्यानंतरच्या व्यावसायिक निवडीत स्कीन्स पहिल्या क्रमांकावर निवडला गेला.

भारतीय संबंध

व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा पिचर कुमार रॉकर याची आई भारतीय वंशाची आहे. ८ जून २०१९ रोजी ड्यूक विद्यापीठाविरुद्ध त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही ‘हिट’ न देता १९ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. त्या वर्षी व्हँडरबिल्टने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. २०२१ मध्ये त्याने आणि त्याचा सहकारी जॅक लाइटर याने प्रत्येकी १७९ फलंदाजांना स्ट्राइकआउट केले. त्याच वर्षी न्यूयॉर्क मेट्सने रॉकरची निवड केली, परंतु वैद्यकीय तपासणीनंतर करार केला नाही. खांद्यावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर २०२२ मध्ये टेक्सास रेंजर्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले. २०२३ मध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने मेजर लीगमध्ये पदार्पण केले.