स्वमग्नता आणि मेंदूतील प्रतिकारपेशी : एका विचाराचा इतिहास

स्वमग्नतेचा इतिहास हा बऱ्याच अंशी दोषारोपाचा इतिहास आहे. १९४३ साली बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील लिओ कॅनर यांनी ११ मुलांचे वर्णन करून या अवस्थेस स्वतंत्र स्थान दिले. ती जन्मजात असावी, असे त्यांनीच सुचविले होते; तथापि पालकांच्या भावशून्यतेविषयीची त्यांची निरीक्षणे अधिक गाजली आणि ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ मधील ग्रंथाने आईवरील ठपका दृढ केला.

मेंदूतील प्रतिकारपेशी, म्हणजेच मायक्रोग्लिया, त्यापूर्वीच ज्ञात होत्या. स्पॅनिश संशोधक पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखल्या. परंतु इजा वा संसर्ग झाल्यावरच जाग्या होणाऱ्या सफाई कामगार, एवढीच त्यांची ओळख दीर्घकाळ राहिली. २००५ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथेच ११ स्वमग्न व्यक्तींच्या मृत्यूपश्चात मेंदूऊतींची तपासणी झाली. संस्था तीच, संख्याही तीच. हा योगायोग असला तरी प्रश्न पूर्णपणे बदलला होता. या ऊतींत, विशेषतः अनुमस्तिष्कात, मायक्रोग्लिया उत्तेजित आढळल्या. २०११ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून या पेशी वाढत्या मेंदूतील अनावश्यक चेतासंधी छाटतात, असे दिसून आले. छाटणी अपुरी राहिल्यास मेंदूची जोडणी बिघडत असावी, असे अनुमान पुढे आले.

मात्र उत्तेजित मायक्रोग्लिया हे कारण की परिणाम, याचा निर्णय अद्याप झालेला नाही. २०१२ मध्ये अस्थिमज्जा-रोपणाने रेट विकाराच्या उंदरांत सुधारणा झाल्याचे प्रसिद्ध झाले. २०१५ मध्ये अन्य प्रयोगशाळांना तो निष्कर्ष पुन्हा मिळाला नाही. अशा अर्धवट ज्ञानावर महागडे उपचार विकले जातात, ही चिंतेची बाब होय. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले.

भूमसारख्या तालुक्यात या इतिहासाचा संबंध अंगणवाडीपासून सुरू होतो. २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वर्तनविकार म्हणून स्वमग्नतेचा समावेश आहे. तपासणी पथकाने संशयित बालक जिल्हास्तरीय शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी ही योजना आहे. तेथे मायक्रोग्लियाची कोणतीही चाचणी होत नाही. निदान आजही मुलाचे वागणे पाहून आणि आईचे म्हणणे ऐकूनच केले जाते.