गाल्ट्युरचा हिमप्रपात आणि नोंदींचे प्रामाण्य

ऑस्ट्रियातील टायरॉल प्रांतात स्कीच्या खेळासाठी प्रसिद्ध असलेल्या गाल्ट्युर गावावर २३ फेब्रुवारी १९९९ रोजी हिमप्रपात कोसळून ३१ माणसे मृत्यू पावली. दुसऱ्या दिवशी जवळच्या वाल्त्सुर वस्तीत आणखी ७ दगावली. हा प्रपात मानवनिर्मित नव्हता. जानेवारीअखेरपासून लागोपाठ आलेल्या वादळांनी उतारावर साचविलेले नवे हिम आपल्याच भाराने खालच्या दुर्बल थरावरून निसटले. विशेष हे की, उद्ध्वस्त घरांपैकी काही धोक्याच्या नकाशात सुरक्षित मानलेल्या भागात होती. या नकाशांची भिस्त बव्हंशी पूर्वीच्या प्रपातांच्या नोंदींवर होती. परंतु नोंदीत न आढळणे आणि घडणे अशक्य असणे, या दोन गोष्टी भिन्न होत. पुढे धोक्याची क्षेत्रे वाढविण्यात आली. अनुपलब्धीला प्रमाण मानताना इतिहासकारानेही हा भेद विसरू नये.