तबकडीवरची 'कामिनी'

सिनेमाची रेकॉर्ड विकताना कंपनी नक्की काय विकायची, आवाज की पडद्यावरचा चेहरा? १९४९च्या 'महल'ची तबकडी बघा. संगीत खेमचंद प्रकाश यांचं, आवाज लता मंगेशकरांचा. पण गायिका म्हणून छापलं होतं 'कामिनी', म्हणजे मधुबालाच्या पात्राचं नाव! सुरुवातीच्या बोलपटांत नट-नट्या स्वतःच गायच्या. पार्श्वगायन आलं, तरी लेबलची सवय सुटली नव्हती. मग गाणं रेडिओवर वाजलं आणि 'हे गातंय कोण?' असं विचारणारी श्रोत्यांची पत्रं आली. रेडिओवाल्यांनी एचएमव्हीकडून खरं नाव मिळवून ते जाहीर केलं. पुढे लताबाईंचं नाव हीच रेकॉर्डची जाहिरात झाली. म्हणून मी जुनी लेबलं वाचताना आधी विचारते: इथे नाव कुणाचं छापलंय, आणि कुणाचं राहिलंय?