फाल्मथची बोट, मुंबईचे सुतार

आजचा एपिसोड समुद्रावर आहे आणि मी तो रेकॉर्ड करतोय नाशिकमध्ये. इथून समुद्र गाठायचा तर कसारा घाट उतरून पावणेदोनशे किलोमीटर जावं लागतं. आमच्याकडे पाणी म्हणजे रामकुंड, आणि बोट म्हणजे गंगापूर धरणावरची. तरी ही गोष्ट मला सांगायचीच आहे. का, ते पुढे येईलच.

तारीख २२ एप्रिल १९६९. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला फाल्मथ नावाचं बंदर आहे. जुनं, खोल, नैसर्गिक बंदर. एके काळी इथूनच इंग्लंडची टपाल जहाजं जगभर जायची. त्या दिवशी तिथे एक शिडाची बोट आत आली. लांबी ३२ फूट, म्हणजे आपल्या एसटीच्या लालपरीपेक्षाही आखूडच. अंगावर गंजाचे ओघळ, आणि आत दाढी वाढलेला एकच माणूस. कस्टमवाले बोटीवर चढले आणि त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, कुठून आलात? तो म्हणाला, फाल्मथहून.

खोटं नव्हतं ते. १४ जून १९६८ ला तो फाल्मथमधूनच निघाला होता आणि ३१२ दिवसांनी तिथेच परत आला. मधे एकाही बंदरात थांबला नाही, कुणाची मदत घेतली नाही. एकट्या माणसानं न थांबता शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली, ती जगात पहिल्यांदा. त्याचं नाव रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. निघाला तेव्हा वय २९. म्हणजे जवळपास माझ्याएवढा, आणि मी सलग तीन दिवस घरून काम केलं तरी मला माणसांची आठवण यायला लागते.

संडे टाइम्स या वर्तमानपत्राने ठेवलेली शर्यत होती ती, गोल्डन ग्लोब. नऊ जण निघाले आणि पोहोचला फक्त रॉबिन. फाल्मथ हे विसरलेलं नाही. २०१८ च्या जूनमध्ये या घटनेला पन्नास वर्षं झाली, तेव्हा त्या बंदरात बोटींची मिरवणूक निघाली. तीच जुनी बोट पाण्यात होती आणि रॉबिन स्वतः तिच्यावर होता. शहराचा वारसा म्हणतात तो हा.

आता मुद्द्यावर येतो. त्या बोटीचं नाव 'सुहेली'. ती इंग्लंडमध्ये बनलेली नाही. ती बनली मुंबईत, कुलाब्याच्या एका वर्कशॉपमध्ये, १९६३-६४ साली. सागवानाची. आणि ती आपल्याच देशातल्या सुतारांनी हातानं बनवली.

मला हे कळलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. अक्षरशः. कारण रॉबिनची गोष्ट मी आधी दोनदा वाचली होती, आणि दोन्ही वेळा 'बिल्ट इन बॉम्बे' हे तीन शब्द माझ्या नजरेतून निसटले होते.

झालं असं, की रॉबिन तेव्हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीत जहाजावर अधिकारी होता. मुंबईहून इराणच्या आखातात जाणाऱ्या जहाजांवर त्याची नोकरी. त्याच्या डोक्यात आलं, एक बोट बांधावी आणि तिच्यातूनच घरी इंग्लंडला जावं. नकाशा मागवला इंग्लंडहून. गंमत म्हणजे मागवला एक आणि आला दुसराच! आलेलं डिझाइन होतं 'एरिक' नावाचं, अमेरिकेच्या विल्यम ॲटकिनचं, १९२० च्या दशकातलं. त्याचा पाया होता नॉर्वेतल्या बचाव-बोटींचा, ज्या वादळात बाहेर पडायच्या. जाडजूड, जड, हळू. पण बुडायला नाखूष. परत पाठवून बदलून घ्यायला वेळ नव्हता, तेव्हा तेच घेऊन काम सुरू झालं.

बांधणी सगळी हातानं. वाकसानं लाकूड तासायचं आणि कमानीच्या सामत्यानं भोकं पाडायची. ज्यांना हे शब्द नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगतो. वाकस म्हणजे आडव्या पात्याची कुऱ्हाड समजा. सुतार पाय फाकवून लाकडावर उभा राहतो आणि स्वतःच्या पायांच्या मधे घाव घालत पातळ पातळ कपचे काढतो. सामता म्हणजे ड्रिल. वीज नाही, मोटर नाही. धनुष्यासारख्या काठीची दोरी त्याला गुंडाळायची आणि काठी मागेपुढे ओढायची. इंचाहून जाड सागाच्या फळीला असं भोक पाडायचं. एक नाही, शेकडो.

मला हे शब्द माहीत आहेत कारण माझे आजोबा सुतार होते. जुन्या नाशकात त्यांनी आयुष्यभर वाड्यांची दारं, खिडक्या, तुळया केल्या. त्यांचा वाकस अजून आमच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेला आहे. त्याचा दांडा एका जागी इतका गुळगुळीत झालाय की त्यांचा तळवा कुठे बसायचा ते हात लावल्यावर कळतं. ते गेले तेव्हा मी सातवीत होतो. त्यांनी केलेली दारं कुठली, ते आज मला दाखवता येत नाही. एक माहीत होतं. तो वाडा मागच्या वर्षी पाडला आणि दार जुन्या लाकडाच्या भावात गेलं. मी पोहोचलो तेव्हा चौकटीच्या जागी नुसती माती होती.

असो. बोटीकडे येऊ.

डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली, शॅम्पेनची बाटली नाही, नारळ फोडून. नाव ठेवलं सुहेली. अरबी खलाशी आखातातल्या आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला सुहेली म्हणतात. हे नाव येतं सुहैल ताऱ्यावरून, आणि सुहैल म्हणजे कोण माहितीये? आपला अगस्ती! थंडीत रात्री दक्षिणेला, क्षितिजाच्या जरा वर, व्याधाच्या खाली ठळक दिसतो तोच. ज्यानं समुद्र पिऊन टाकला त्या ऋषीच्या नावाचा तारा. आणि आमच्या शेजारच्या अकोल्यात, प्रवरेच्या काठी, त्याच अगस्तीचा आश्रम. नाशिकचा आणि या बोटीचा काही संबंध नाही असं म्हणणाऱ्यांनी हा मुद्दा लक्षात घ्यावा. (माझा मित्र म्हणतो हे ओढूनताणून आहे. आहे.)

१९६५ च्या शेवटी रॉबिन, त्याचा भाऊ आणि एक मित्र असे तिघं मुंबईहून निघाले. आखात, आफ्रिकेचा किनारा, डर्बन, केप टाउन करत १९६७ मध्ये इंग्लंडला पोहोचले. प्रदक्षिणेचा विचार त्यानंतरचा. रॉबिनला खरं तर नवी, मोठी, वेगवान बोट हवी होती, पण पैसे मिळाले नाहीत. म्हणून जी हाताशी होती ती घेऊन निघाला.

आणि इथे मला थोडं थांबायचंय. सुहेली शर्यतीतली सर्वात वेगवान बोट मुळीच नव्हती. बर्नार मोटेस्ये या फ्रेंच खलाशाची 'जोशुआ' पोलादी होती आणि बरीच चपळ होती. तो जिंकलाही असता कदाचित, पण परतीच्या वाटेवर त्यानं शर्यतच सोडली आणि तो सरळ पुढे ताहितीला गेला. नायजेल टेटलीची प्लायवूडची, तीन सांगाड्यांची बोट जवळजवळ घरी पोहोचता पोहोचता फुटली. त्याला वाचवलं, बोट गेली. डोनाल्ड क्रोहर्स्टची गोष्ट तर फार दुःखाची आहे, तिच्यावर वेगळा एपिसोड करावा लागेल. रॉबिननं स्वतःला मिळालेलं ५००० पौंडांचं बक्षीस क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकलं, एवढं इथे सांगतो.

सुहेलीतही दोष निघाले. अटलांटिकमध्येच ती गळायला लागली. कण्याजवळच्या फळ्यांची फट उघडत होती. रॉबिन हातोडी घेऊन पाण्यात उतरला आणि श्वास रोखून बोटीखाली जाऊन त्यानं फटीत कापूस ठोकला. वर कॅनव्हासची पट्टी आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा मारला. मधे एक शार्क घिरट्या घालायला लागला, तेव्हा वर येऊन बंदुकीनं त्याला मारावं लागलं. पुढे दक्षिण महासागरात लाटेनं बोट अख्खी आडवी पाडली आणि केबिनचं छत जागचं हललं. टाकीतलं पिण्याचं पाणी खराब झालं, रेडिओ बंद पडला, आपोआप दिशा राखणारं यंत्र तुटलं. न्यूझीलंड सोडल्यावर कित्येक महिने जगाला त्याची खबर नव्हती.

पण सांगाडा टिकला. कमानीच्या सामत्यानं पाडलेली भोकं टिकली. आम्ही इंजिनियर लोक ज्याला लोड टेस्टिंग म्हणतो ते या सुतारांच्या कामाचं ३१२ दिवस चाललं होतं, आणि तेही केप हॉर्नला वळसा घालून.

मी रोज ज्या कोडमध्ये काम करतो त्यात प्रत्येक ओळीपुढे कोणी, कधी लिहिली ते नोंदलेलं असतं. गिटमध्ये एक कमांड दिली की पाच वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेल्या पोराचंही नाव येतं. सुहेलीची माहिती काढा. डिझायनर विल्यम ॲटकिन. मालक आणि खलाशी सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. बांधणी : कुलाबा वर्कशॉप, बॉम्बे. त्या तिसऱ्या ओळीत माणूसच नाही.

मुंबईला हे नवीन नाही. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईत आले. त्यांच्या घराण्यानं पुढे दीडशे वर्षं इथे जहाजं बांधली. १८१७ साली मुंबईत बांधलेलं 'ट्रिंकोमाली' हे सागवानी लढाऊ जहाज आजही इंग्लंडच्या हार्टलपूलमध्ये तरंगतंय. त्याच्यावर जमशेटजी बमनजी वाडियांचं नाव आहे, आणि ते असायलाच हवं. पण रंधा मारणारे हात तिथेही निनावीच.

मागच्या महिन्यात मी पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईला गेलो. सीएसएमटीला उतरून कुलाबा, तिथून ससून डॉक. दोन तास फिरलो. सुहेलीचं नाव असलेली एकही पाटी मला दिसली नाही. चहावाल्याला विचारलं, तर त्याला वाटलं मी एखादं हॉटेल शोधतोय. एका म्हाताऱ्या कोळी काकांनी मात्र नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "साग होता ना? मग टिकणारच." एवढं बोलून ते परत जाळं विणायला लागले.

हो, सागावरून आठवलं. नव्वदच्या दशकात सुहेली ग्रिनिचच्या नॅशनल मेरीटाइम म्युझियममध्ये ठेवली होती. काचा, दिवे, नियंत्रित हवा. त्या कोरड्या हवेत लाकूड आकसायला लागलं, फळ्यांमधल्या फटी वाढायला लागल्या. समुद्रानं जे केलं नाही ते म्युझियम करत होतं. शेवटी २००२ मध्ये रॉबिननं बोट तिथून काढली. पुढे दुरुस्ती करून तिला परत पाण्यात घातलं.

या गोष्टीला आपल्याकडचा पुढचा भागही आहे. फलटणजवळच्या विंचुर्णीत राहणारे निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनी वर्षानुवर्षं एकच ध्यास घेतला होता : भारतीय माणसानं भारतात बांधलेल्या बोटीतून एकट्यानं जग फिरावं. त्यातून गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात 'म्हादेई' बांधली गेली. कमांडर दिलीप दोंदे शिकायला गेले ते थेट रॉबिनकडेच. १९ ऑगस्ट २००९ ला ते मुंबईहून निघाले, चार बंदरांत थांबे घेत मे २०१० मध्ये मुंबईत परतले. एकट्यानं जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. त्याच बोटीतून २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमींनी न थांबता फेरी मारली.

मग २०१७ ला दांडेकरांनी अजून एक बोट पाण्यात उतरवली, 'तुरिया'. ती सुहेलीची प्रतिकृती होती! २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी. मुंबईत बांधला गेलेला आराखडा पन्नासहून जास्त वर्षांनी गोव्यात परत बांधला गेला. सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली, अभिलाष यांच्या पाठीच्या कण्याला मार बसला, तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. तुरिया समुद्रातच सोडावी लागली. पण तिच्याबद्दल एक गोष्ट बरी आहे. ती कोणी बांधली हे विचारलं तर निदान एक नाव सांगता येतं.

आता तुमच्याकडे एक काम आहे. १९६४ मध्ये वीस वर्षांचा असलेला सुतार आज ऐंशीच्या पुढे असेल. तुमच्या घरात, चाळीत, गावाकडे कुणाचे आजोबा, पणजोबा तेव्हा कुलाब्यात बोटींच्या कामावर होते का? एका गोऱ्या अधिकाऱ्यानं स्वतःसाठी सागाची लहान बोट बांधून घेतली, असं कधी त्यांच्या तोंडून ऐकलंय का? ऐकलं असेल तर आज रात्रीच त्यांच्याशेजारी बसा, मोबाइलचा रेकॉर्डर चालू करा आणि आधी त्यांचं पूर्ण नाव विचारा. मग बोटीचं. आवाज खराब आला तरी चालेल, एडिटिंग मी करतो.