मत्स्यालयातील पाण्याचा सामू कसा राखावा?

मत्स्यालयातील मासे दगावले की त्याचे खापर बहुधा खाद्यावर किंवा विक्रेत्यावर फोडले जाते. अनेकदा मात्र खरे कारण पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, अचानक बदलणे हे असते.

सामू हा पाण्याच्या आम्लतेचे व अल्कतेचे माप आहे. डेन्मार्कचे रसायनशास्त्रज्ञ सोरेन सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये ही मोजपट्टी मांडली. उदासीन पाण्याचा सामू ७ असतो. त्याखालील पाणी आम्लधर्मी, तर त्यावरील अल्कधर्मी. एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक, हे ध्यानात घ्यावे.

अ‍ॅमेझॉन खोऱ्यातील निऑन टेट्राला मृदू व किंचित आम्लधर्मी पाणी मानवते, तर मोली व गप्पींना जड, अल्कधर्मी पाणी. म्हणून घरी येणाऱ्या पाण्याला साजेसे मासे निवडणे हा सर्वांत सोपा उपाय होय. मत्स्यशेतीत वाढलेले बहुतेक मासे ६.५ ते ७.५ या सामूत रुळतात. विशिष्ट आकडा गाठण्यापेक्षा सामू स्थिर राहणे अधिक महत्त्वाचे.

ही स्थिरता पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट क्षारांमुळे येते. माशांच्या उत्सर्जनातून निघणाऱ्या अमोनियाचे जिवाणू नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. त्यात आम्ल तयार होते आणि हे क्षार खर्ची पडतात. महिनोन्महिने पाणी न बदललेल्या टाकीचा सामू त्यामुळे घसरतो. तो ६ च्या खाली गेल्यास जिवाणूंचे कार्य मंदावून अमोनिया साचतो. आम्लधर्मी पाण्यात त्याचे विषारी रूप अत्यल्प असते. परंतु टाकी स्वच्छ करण्याच्या उत्साहात सारे पाणी एकदम बदलले, की सामू चढतो आणि माशांच्या शरीरालाही त्याचा धक्का बसतो. टाकीत उरलेला अमोनियाही अधिक घातक होतो. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असताना अमोनियाचा सुमारे अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाल्यास तो सुमारे ५ टक्के होतो.

सामू कमी करण्यासाठी देशी बदामाच्या झाडाची गळून वाळलेली पाने धुऊन टाकीत सोडावीत. कीटकनाशक फवारलेल्या झाडाची पाने घेऊ नयेत. उकळून घेतलेले ड्रिफ्टवूड किंवा फिल्टरमध्ये ठेवलेले पीटही उपयोगी पडते. यातील टॅनिनमुळे पाण्याला चहासारखा रंग येतो. तो निरुपद्रवी असतो. बोअरवेलचे पाणी जड असेल तर मात्र केवळ पानांनी फरक पडत नाही. अशा वेळी त्यात आरओचे पाणी मिसळून क्षार कमी करावेत.

सामू वाढवण्यासाठी तिसऱ्यांच्या शिंपल्या स्वच्छ उकळून, ठेचून, जाळीच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवाव्यात. चुनखडी वा संगमरवराचे तुकडेही चालतात. प्रवाळ मात्र वापरू नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये त्याला संरक्षण आहे. सजावटीच्या दगडावर व्हिनेगरचे थेंब टाकून पाहावेत. फेस आल्यास तो दगड सामू वाढवणारा आहे, असे समजावे.

लिंबाचा रस, व्हिनेगर वा खाण्याचा सोडा थेट टाकीत ओतू नये. त्याने सामू झपाट्याने वरखाली होतो. दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलावे. क्लोरिन उडून जावा यासाठी नळाचे पाणी एअर पंप लावून २४ तास ठेवावे व मगच सामू मोजावा. पाणवनस्पतींमुळे टाकीचा सामू दिवसा वाढतो व रात्री उतरतो. म्हणून मोजणीची वेळ रोज एकच ठेवावी. दीर्घकाळ दुर्लक्षित राहिलेल्या टाकीत एका वेळी दहावा हिस्साच पाणी बदलावे आणि हा क्रम काही दिवस चालू ठेवावा.