नाकाची युक्ती टाचेला

मोटरसायकलच्या चाकात मागे बसलेल्या मुलाची टाच अडकते, कातडी सोलून निघते, पोटरीला टाचेशी बांधणारी कंडरा उघडी पडते. साकोलीच्या शिक्षकांना हे सांगायला नको. उघड्या कंडरेवर नुसती कातडी चिकटवली तर जगत नाही; तिला रक्त कोठून मिळणार?

याचे उत्तर नाकासाठी पुण्यात सापडले होते. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी गाडीवानाला एकाने (जातीने वीटकरी, पदवी कुठली!) कपाळाची कातडी वळवून नाक दिले. जोडणारा देठ सुमारे २५ दिवस तोडायचा नाही, ही खरी युक्ती. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने १७९४ साली ही हकीकत छापली.

१९९२ साली फ्रान्सच्या मास्केले यांनी चेतातंतूलगतच्या बारीक रक्तवाहिन्यांवर जगणारी पोटरीची कातडी वापरायची रीत मांडली. ती टाचेवर वळवताना देठ घोट्याकडे ठेवतात. रक्त तिथूनच येते.