शीव, सरहद्द आणि शिलंगण

माझ्या ऑफिसात लाइपझिगचा एक जर्मन आहे. जेवणाच्या सुट्टीत तो एकदा म्हणाला, "सीमेला आम्ही 'ग्रेन्झ' म्हणतो, पण शब्द मूळचा आमचा नाही." पोलिश 'ग्रानित्सा'सारखा हा स्लाव्हिक शब्द तेराव्या शतकाच्या सुमारास पूर्वेच्या शेजारातून जर्मनमध्ये आला, मार्टिन लूथरच्या लिखाणामुळे सर्वत्र रुळला आणि घरचा 'मार्क' मागे पडला. (डेन्मार्कच्या नावात तो टिकून आहे.) शेजाऱ्याला अडवायच्या रेषेचं नावच शेजाऱ्याकडून उसनं! मी मनसोक्त हसलो.

मग जरा वरमलो. आपली 'सरहद्द' तरी कुठली? 'सर' फारसी, 'हद्द' अरबी. 'सीमा' सरळ संस्कृतातून उचललेली. मराठीच्या तोंडात घडलेला शब्द म्हणजे शीव. ग्रामाचं गाव झालं, नामाचं नाव, तशी सीमेची शीव. मुंबईतलं शीव आठवा! सतराव्या शतकात इंग्रजांची मुंबई तिथे संपायची, खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी. म्हणून तर इंग्रजांनी तिथल्या टेकडीवर किल्ला बांधला. पुढे १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत साष्टी मराठ्यांकडे आली, १७७४ मध्ये तीही इंग्रजांनी घेतली. शीव मग कुणाचीच शीव राहिली नाही, आणि आपण मराठी माणसंसुद्धा (मी धरून) बिनदिक्कत 'सायन' म्हणू लागलो.

तीच शीव दसऱ्याच्या शिलंगणात आहे. शिलंगण म्हणजे सीमोल्लंघन.

आता पिस्कॅटवेत शीव कुठून आणायची? पण मिळाली हो! न्यू जर्सीचे पूर्वी पूर्व-पश्चिम असे दोन प्रांत होते. १६८७ मध्ये जॉर्ज कीथने मधली रेषा आखायला घेतली. १७०२ मध्ये प्रांत एक झाले, तरी प्रिन्स्टनजवळ 'प्रॉव्हिन्स लाइन रोड' अजून आहे. आपलं पिस्कॅटवे पूर्वेचं. गेल्या दसऱ्याला लेकीला घेऊन मी तो रस्ता ओलांडला. सोनं म्हणून अंगणातल्या रेडबडची पानं नेली. हे झाड आपट्याचं लांबचं नातलगच.

परतताना तिने फोनवर आजीला सांगितलं, "आजी, आम्ही बॉर्डर क्रॉस केली."

"शीव म्हण गं," मी मागून ओरडलो. तसा 'बॉर्डर'ही इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतलेला, पण ते तिला पुढच्या दसऱ्याला सांगेन.